जुन्या मोटारींचे सुटे भाग : मोडींत कीं माळ्यावर ?

ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळीं जीपगाडी होती, अशा आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाड्यांत तिचे सुटे भाग अद्यापि पडून असतील. गाडी केव्हांच गेली. पण गोठ्याच्या माळ्यावर पोत्यांत बांधलेले गिअर, भिंतीशीं टेकलेला रेडिएटर, तेलानें काळा पडलेला डायनामो हे कांहीं गेले नाहींत. दर वर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत घरांतून विचारणा होते, "याचें काय करायचें ?" आणि त्याच सुमारास भंगारवाल्याची हांक दारावर येते. आमचें मत असें कीं, हे भाग न पाहतां वजनावर घालणें ही चूक आहे. परंतु ते माळ्यावर गंजत ठेवणें ही त्याहून लहान चूक नव्हे.

हा सांठा आपल्या वडिलांनीं उगीच केला नव्हता. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या. युद्ध संपल्यावर सैन्याच्या उरलेल्या गाड्या विक्रीस निघाल्या, आणि स्वातंत्र्यानंतर लौकरच महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीजच्या जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. चिखलाच्या वाटेनें मळ्यापर्यंत जाणारी ही गाडी बागाइती मुलखांतल्या शेतकऱ्यास मानवली. तालुक्याच्या गांवीं तिचे भाग मिळत नसत; म्हणून शहाणा मालक एक लागला कीं दोन आणीत असे. फोर्डनें केलेल्या जीपगाडीच्या बोल्टांच्या डोक्यांवर सुद्धां इंग्रजी 'एफ' अक्षर उठविलेलें असे. जुनी गाडी मूळच्या रूपांत उभी करणारा माणूस त्या एका बोल्टासाठीं महिना महिना हिंडतो. भंगारवाल्याच्या तराजूंत तो बोल्ट म्हणजे मूठभर लोखंड.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. वांटणी झाली तेव्हां गाडीचा सांगाडा थोरल्या बंधूंकडे गेला आणि गिअरपेटी, डायनामो वगैरे सामान आमच्या खोलींत राहिलें. एके वर्षीं उसाच्या बांधणीच्या घाईंत खतास जागा हवी म्हणून आम्हीं तें सर्व वजनावर देऊन टाकलें. आलेल्या पैशांत युरियाचीं कांहीं पोतीं आलीं, इतकेंच. पुढें दोन वर्षांनीं पुतण्यानें गाडी दुरुस्तीस घेतली व तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, गिअरपेटी तुमच्याकडेच आहे ना ?" आम्हांस उत्तर सुचेना. बिचाऱ्यानें कुर्ला, चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार असे अनेक फेरे करून एक पेटी मिळविली. तीहि तडकलेली निघाली. गाडी आज चालते, पण चढावर तिचा आवाज ऐकूं आला कीं आम्ही दुसरीकडे पाहतों.

तेव्हां भाग बाहेर काढून प्रथम निवडावे. ओतीव लोखंड, पोलादी गिअर व धुरे, तांब्यापितळेचे रेडिएटर हे घासून, तेल किंवा ग्रीस लावून ठेवल्यास पुष्कळ वर्षें टिकतात. रबराचें तसें नाहीं. जुन्या नळ्या, ब्रेकमधील रबरी वाट्या व टायर वरून धड दिसले तरी गाडीस लावूं नयेत. त्यांत जीव जाण्याची भीति आहे. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग कधीं कधीं आपोआप फुगून तडकतात. तेहि पारखून घ्यावे. मोडका भाग मात्र मोडका म्हणून फेंकूं नये. कोल्हापुरास उद्यमनगरांत ओतकाम करणारे कुशल कारागीर आहेत. ओतीव लोखंड थंड होतांना शेंकडा एकच्या सुमारास आकसतें, म्हणून लांकडी फर्मा तेवढा मोठा धरावा लागतो. हें ज्ञान त्यांजपाशीं आहे, पण माप घेण्यास मूळ वस्तु त्यांच्या हातीं पाहिजे. ती भट्टींत गेली कीं कारागिराचें कसब व्यर्थ. ज्यांवर इंजिनाचा किंवा सांगाड्याचा नंबर आहे ते भाग कागदपत्रांवांचून कोणास देऊं नयेत, नाहींतर पुढें चौकशीचें लचांड लागतें.

आतां द्यावे कोणास ? १९२१ नव्हे, २०२१ सालीं सरकारनें नियम केला कीं, पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं, प्रदर्शनास व मेळाव्यास चालते. यामुळें मूळ भागांस मागणी आहे, हें व्यापाऱ्यास ठाऊक आहे आणि आपणांस नाहीं. पण केवळ चढा भाव देणाऱ्यास माल द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या दारीं गाडी उभी आहे त्याचा हक्क पहिला, मग तो दोन पैसे कमी कां देईना.

कांहीं मित्र म्हणतात, आपण शेतकरी, आपणांस पदार्थसंग्रहालय थाटावयाचें नाहीं. खरें आहे, म्हणून आम्ही मुदत घालूं इच्छितों. मंडळाच्या प्रत्येक सभासदानें आपल्याकडील भागांस चिठ्ठी बांधून त्यांची यादी वार्षिक सभेपूर्वीं पाठवावी. ती या मासिकांत छापूं. पुढील पावसाळ्यापर्यंत कोणी मागणी न केल्यास एखादी गिअरपेटी तालुक्याच्या औद्योगिक शिक्षणसंस्थेस मुलांना उघडून पाहण्यास द्यावी आणि बाकीचें खुशाल जालन्याच्या भट्ट्यांस जाऊं द्यावें. तेथें त्याची सळई होऊन कोणाच्या तरी घरास लागेल.

यादींतील पहिली नोंद आमचीच घ्यावी : पोत्याच्या तळाशीं राहून गेलेला जीपगाडीचा डावा दिवा, कांच शाबूत. देणें आहे, पुतण्यास प्रथम विचारलें जाईल.