‘डॉक्टर’ म्हणायची घाई

वैद्यकीय प्रवेशाची यादी लागली, की त्या संध्याकाळी पेढ्यांच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी दिसते. शेजारच्या काकू दारातूनच ‘काय डॉक्टर, पार्टी कधी?’ असे विचारतात. गावाकडचे मामा फोनवर ‘आता आमच्या म्हातारपणाची काळजी मिटली’ म्हणतात. आत्याबाई तर आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठीच पुढे करतात. ज्याला हे सारे उद्देशून चाललेले असते, त्या अठरा वर्षांच्या पोराने अजून एप्रनही शिवायला टाकलेला नसतो. यात कोणाचा वाईट हेतू नाही, कौतुकच आहे. पण हे कौतुक त्या मुलाला पुढच्या सहा महिन्यांत किती महागात पडते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मी तो फार जवळून पाहिला आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

तीस वर्षांहून अधिक काळ मी वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘अ‍ॅनाटॉमी’, शिकवले. हा विषय पहिल्याच वर्षाला असतो. त्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी नवी कोरी मुले आली. ती जरा रुळली, हसू-बोलू लागली, की दुसऱ्या वर्षाला निघून जात आणि आमच्या दारात पुन्हा नवी बावरलेली रांग उभी राही.

लग्नाकार्यात भेटणारी मंडळी मला एकच प्रश्न विचारतात : ‘पहिल्या दिवशी प्रेत बघून मुलं चक्कर येऊन पडतात का हो?’ पडते एखादे. डिसेक्शन हॉलमध्ये शिरताच फॉर्मालिनचा उग्र वास नाकात आणि डोळ्यांत झोंबतो, उंच छताखाली ओळीने टेबले मांडलेली असतात आणि त्यांवर काय आहे हे माहीत असूनही पाय अडखळतात. पहिल्या दिवशी सगळे मागच्या रांगेत उभे राहायला धडपडतात. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे पुढे होऊन सुरी हातात घेतात. तिसऱ्या आठवड्यात त्याच टेबलाशी उभे राहून आज मेसमध्ये कसली भाजी आहे याची चर्चा चालते. हातांचा वास जेवतानाही जात नाही म्हणून एखादा मटण सोडतो आणि थंडी पडायच्या आत पुन्हा धरतो. माणसाचे मन अशा गोष्टींना फार लवकर सरावते. कधी कधी वाटे, जरा जास्तच लवकर. म्हणून मी त्यांना सांगत असे, की टेबलावरचा देह १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली आलेला बेवारस माणसाचा असेल, नाहीतर कोणी आजी-आजोबांनी जिवंतपणी फॉर्म भरून दिलेला असेल. दोन्ही बाबतींत त्यांनी आपल्याला जे दिले, त्याची परतफेड त्यांना करता येणार नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी सुरुवातीलाच मुलांना त्या देहासमोर शपथ घ्यायला लावतात. ही प्रथा चांगली आहे.

असो. सांगायचे हे, की पालक ज्याची धास्ती घेतात ते पहिल्या वर्षाचे खरे दुखणे नव्हे. खरे दुखणे पहिल्या चाचणीच्या निकालाच्या दिवशी सुरू होते.

वर्गात दीडशे-दोनशे, काही ठिकाणी अडीचशे मुले. प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला, कॉलेजात पहिला, क्लासच्या जाहिरातीत फोटो आलेला. आता हे सगळे पहिले एका खोलीत आणून बसवले, तर त्यांतला कोणीतरी शंभरावा येणार हे साधे गणित आहे. पण हे गणित त्या मुलाला कोणी शिकवलेले नसते. दोन-तीन वर्षे त्याने चार पर्यायांतून एक अचूक निवडायचा सराव केलेला असतो. येथे मात्र तोंडी परीक्षेत समोरचे सर त्याच्या हातात दंडाचे हाड देतात आणि विचारतात, ‘हे डावं की उजवं? नीट धरून दाखव.’ पर्याय दोनच. पण का, ते सांगावे लागते. हाडाचा गोल डोक्याचा भाग वर आणि आतल्या बाजूला यायला हवा, हे त्याने वाचलेले असते. तरी हात थरथरतो आणि हाड उलटे धरले जाते. मागे कोणीतरी हसते. निकाल लागतो : पन्नासपैकी सतरा. आयुष्यात पहिल्यांदा नापास.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष फारसा नसतो. पूर्वी पहिले एम.बी.बी.एस. दीड वर्षाचे होते. १९९७ च्या नियमांनी ते एक वर्षावर आले. शरीरातल्या नसा, धमन्या आणि स्नायू मात्र होते तेवढेच राहिले. काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे आहे, ‘ब्रेकियल प्लेक्सस’. मानेच्या मणक्यांपाशी पाच मुळे निघतात, त्यांचे तीन बुंधे होतात, बुंध्यांचे सहा फाटे, त्या फाट्यांच्या पुन्हा तीन दोऱ्या आणि मग हाताच्या नसा. हे जाळे न चुकता कागदावर काढता येणे हा आमच्याकडचा उंबरठा. तो ओलांडायला कोणाला दोन रात्री लागतात, कोणाला दोन महिने. दोन महिने लागलेला पुढे वाईट डॉक्टर होतो, असे मला तरी कधी दिसले नाही.

पण सतरा गुणांची ही बातमी घरी सांगायची कशी? घरी तर तो ‘डॉक्टर’ आहे.

एका संक्रांतीला एक गृहस्थ आमच्या विभागात आले. मराठवाड्यातल्या एका लहान गावी त्यांचे किराणा दुकान. हातात तिळाच्या लाडवांचा डबा. म्हणाले, ‘नमस्कार सर. आमच्या डॉक्टरला भेटायचं होतं. फोन लागंना.’ मी हजेरीपट उघडला. मुलगा पाच आठवडे हॉलमध्ये आलेला नव्हता. आदल्या आठवड्यात दोन निरोप धाडूनही तो भेटायला आला नव्हता. घरी मात्र रोज रात्री ‘सगळं मस्त चाललंय’ असे सांगत होता आणि शेवटचे चार दिवस फोन बंद ठेवून होता. आम्ही दोघे हॉस्टेलवर गेलो. खोलीत अंधार, पुस्तक उघडे, पान बहुधा महिनाभर तेच. वडिलांना पाहून तो उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग एकदम म्हणाला, ‘बाबा, स्टँडवरच्या त्या फ्लेक्समुळं मला गावाकडं यायचीच भीती वाटते.’ यादी लागल्यावर गावाने एस.टी. स्टँडसमोर त्याचा पांढऱ्या कोटातला मोठा फोटो लावला होता. खाली पंधरा शुभेच्छुकांची नावे.

वडील म्हणाले, ‘कसला फ्लेक्स? तो तर परतीच्या पावसातच फाटला की रं. आपल्या गुरांच्या शेडला बांधलाय आता मी.’

मुलगा आधी हसला आणि मग रडला. वडिलांनी लाडवांचा डबा उघडला. त्या माणसाने गुणांविषयी एक शब्द विचारला नाही. दोन दिवस मुलाला गावी नेऊन आणले. परतल्यावर तो रोज हॉलमध्ये येऊ लागला. वार्षिक परीक्षेत त्याचे दोन विषय सुटले आणि अ‍ॅनाटॉमी राहिली, ती पुरवणी परीक्षेत सुटली. मी माझ्या नोकरीत शेकडो पालक पाहिले. शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे, काही स्वतः डॉक्टर असलेले. पण त्या दिवशी त्या दुकानदाराला जे सुचले, ते त्यांतल्या फार थोड्यांना सुचले असते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्याही अठराच वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात थंडी, परके अन्न आणि अभ्यास हे सारे सोसत त्या १८८६ साली पदवीधर झाल्या. घरचे पत्र यायला त्यांना कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. आजच्या मुलाच्या खिशात फोन आहे, आई रोज त्याचा चेहरा पाहते. तरीही सांगायचे ते सांगितले जातेच असे नाही. अंतर मैलांचे असते तेव्हा त्याला निदान टपाल तरी असते.

आता भाषेचे दुखणे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटते, आपण इंग्रजीत कमी पडतो. काही अंशी ते खरे आहे. जाडजूड पुस्तक, त्यातली लांब वाक्ये आणि वर्गात फाडफाड बोलणारे शहरी सोबती. पण ज्या शब्दांची त्यांना धडकी भरते ते इंग्रजी नसतातच, लॅटिन किंवा ग्रीक असतात. ते इंग्रजी शाळेतल्या मुलालाही तितकेच परके! मी वर्गात त्या शब्दांची सालपटे काढून दाखवत असे. ‘क्लॅव्हिकल’ म्हणजे छोटी किल्ली. ‘टिबिया’ म्हणजे बासरीसारखे वाद्य. ‘कॉक्सिक्स’ हे कोकिळेवरून आलेले नाव. ग्रीकांना त्या हाडात कोकिळेची चोच दिसली, आपल्या पूर्वजांना माकड दिसले, म्हणून आपण त्याला माकडहाड म्हणतो. वर्ग हसला, की निम्मी भीती गेलेली असे.

आणि दोन वर्षांनी वॉर्डात गेल्यावर पारडे फिरते. तिथे रोगी ‘पॅल्पिटेशन’ म्हणत नाही. ‘छातीत धडधडतंय’ म्हणतो, ‘हातापायाला मुंग्या येतात’ म्हणतो, ‘पोटात कालवतंय’, ‘अंगात कणकण आहे’, ‘करपट ढेकरा येतात’ म्हणतो. कोपऱ्यात ‘कसंतरी होतंय’ म्हणणारी म्हातारी नेमके काय सांगते आहे, हे ज्याला कळते तो त्या दिवशी वर्गात पहिला असतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कोणीतरी आधीच सांगून ठेवायला हवे.

महाविद्यालयांनी काहीच केले नाही, असे नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात आरंभी महिनाभराचा पायाभूत वर्ग आला. त्यात भाषा, संगणक, प्रथमोपचार, खेळ असे सारे होते. त्याची मुदत आणि मांडणी पुढे बदलत राहिली, पण कल्पना योग्यच आहे. रोगी दिसायला आता दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही, हेही चांगले. प्रत्येक मुलामागे एक पालक-शिक्षक नेमायचा, असे कागदावर असते. कागदावरच राहते, हे माझे मत. जिथे शिक्षकांची पदे रिकामी आहेत तिथे एका शिक्षकाच्या वाट्याला इतकी मुले येतात, की त्याला त्यांची नावेही पाठ होत नाहीत. पाच आठवडे टेबलाशी न आलेला मुलगा हजेरीच्या संगणकाला लगेच कळतो. पण संगणक त्याच्या खोलीचे दार वाजवत नाही. माझी सूचना साधी आहे. पहिल्या चाचणीत जे नापास झाले, त्यांच्यापैकी प्रत्येकाशी एका शिक्षकाने आठवड्याच्या आत पंधरा मिनिटे बसून बोलावे. याला ना निधी लागतो, ना शासनाचा आदेश.

आणि घरच्यांनी? फोनवर ‘किती पडले?’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा. जेवलास का, झोपलास का, रूम-पार्टनर कसा आहे, आज काय नवे पाहिलेस, एवढे विचारले तरी गुणांची गोष्ट आपोआप निघते. ‘डॉक्टर’ ही हाक साडेपाच वर्षांनी मारायला आहेच की. तोवर त्याला बंड्या, पिंटू, जे काही म्हणत होता तेच म्हणावे.

सुट्टीत ही मुले घरी येताना पुष्कळदा हाडांचा संच घेऊन येतात. सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. मग घरात वाद. आजी म्हणते, माझ्या देवघराच्या भिंतीला नको. आई म्हणते, स्वयंपाकघराच्या माळ्यावर तर मुळीच नको. शेवटी ती पेटी बाल्कनीत सायकलशेजारी मुक्कामाला जाते. माझी एक विद्यार्थिनी सांगत होती, की तिसऱ्या दिवशी आजीनेच विचारले, ‘का गं, माझा गुडघा दुखतो तो यातल्या कुठल्या हाडाचा?’ तिने पेटीतून ते हाड काढून दाखवले, ‘पटेला’. त्याचा लॅटिन अर्थ छोटे ताट किंवा वाटी. आजी म्हणाली, ‘मग वाटीच म्हण की! आम्ही कधीपासून गुडघ्याची वाटीच म्हणतोय.’ त्या रात्री दोघी बाल्कनीत बसून नडगी, मांडी, खुबा असे एकेक हाड मोजत होत्या आणि पोरीची अर्धी उजळणी तिथेच झाली.