कोपीतल्या लेकरांचा बाळदमा कोण मोजणार?

लहान मुलांत दमा किती, असे विचारले की आकडा पुढे केला जातो. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील अभ्यासात 6-7 वर्षांच्या मुलांत तो सुमारे 3 टक्के आढळला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. छातीत घरघर असलेल्या 82 टक्के मुला-माणसांना दम्याचे निदानच झालेले नव्हते. हा अभ्यास पुण्यासह 9 शहरांतला. शहरात ही गत असेल, तर ऊसतोड कामगारांच्या कोपीत काय?

सहकारी साखर कारखानदारीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातूनच पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबे दिवाळीच्या आसपास तोडीला निघतात. त्यांत बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा सगळे आहेत. कोपीत चुलीचा धूर, फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर, वर पहाटेची थंडी. दमा उसळायला आणखी काय हवे? लेकराला धाप लागली की 'सर्दी झाली, छाती भरली' म्हणून तात्पुरते औषध देतात आणि बैलगाडी पुढे निघते.

सरकारकडे योजना नाही असे नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि श्वासनलिकेचा हा विकार तपासणीच्या यादीतही आहे. मग चुकते कुठे? गावच्या अंगणवाडीत मूल गैरहजर असते आणि कारखान्याजवळच्या अंगणवाडीत त्याचे नावच नसते. जे मूल पटावर नाही, त्याचा दमाही सरकारदरबारी नाही. गावकुसाबाहेर ठेवण्याची ही नवी रीत आहे.

उपाय अशक्य आहे, हे आम्हाला कोणी सांगू नये. याच जिल्ह्यात जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या, कित्येक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले आणि गावोगावचे बालमृत्यू कमी करून दाखवले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर बालतपासणी पथक जावे. स्थलांतरित मुलाचे नाव तिथल्या अंगणवाडीत त्याच आठवड्यात लागावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांचा इनहेलर आणि स्पेसर मोफत मिळावा. कोपीत गॅस पोचावा.

महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला तो माणूस म्हणून. श्वासाचा हक्क त्याहून वेगळा नाही. तरुणांनो, या हंगामात जवळच्या तळावर जा, धाप लागणाऱ्या लेकरांची यादी करा आणि ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून पोच घ्या. यादी आपण केली, तर 'आमच्याकडे नोंद नाही' हे उत्तर त्यांना देता येणार नाही.

जय भीम!