एकट्या आईबापांचे काम नव्हे

"वर्गात सगळ्यांजवळ आहे, मग माझ्याजवळच का नाही?" हा प्रश्न ज्या घरी ऐकू येत नाही असे घर हल्ली विरळा. प्रश्न स्मार्टफोनचा असतो, आणि आईबाप तेथेच निरुत्तर होतात. आपले मूल एकटे पडेल ह्या भयाने ते यंत्र घेऊन देतात. आणि ते घेऊन दिले म्हणजे शेजारच्या मुलाच्या हट्टास आणखी एक आधार मिळतो. आमच्या मते खरी अडचण मुलांच्या हट्टात नसून पालकांच्या एकटेपणात आहे.

समाजमाध्यमांपासून मुलांच्या मनास अपाय किती होतो, ह्याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. तो त्यांनी खुशाल करावा. रात्री एक वाजेपर्यंत पडदा पाहत जागलेले मूल सकाळच्या पहिल्या तासास कसे दिसते, हे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. पुस्तकास शेवटचे पान असते, ह्या पडद्यास ते नाही. एक चित्र संपते न संपते तोच दुसरे पुढे येते; आणि ही रचना बुद्ध्याच केलेली आहे, कारण मुलाचा वेळ हाच तेथील व्यापाराचा माल होय.

खाते उघडण्यास १३ वर्षे पुरी हवीत, असे बहुतेक कंपन्या सांगतात व ते ऐकून पुष्कळ पालक निश्चिंत होतात. परंतु ही मर्यादा कोणा वैद्याने ठरविलेली नाही. १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असा कायदा अमेरिकेत १९९८ साली झाला. त्यातून हा आकडा आला. मन केव्हा परिपक्व होते ह्याशी त्याचा काही संबंध नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाकरिता आपल्याकडे २०२३ साली जो कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालकच म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस अशी खाती बंद केली, आणि दंड मुलांस वा पालकांस न ठेवता कंपन्यांस ठेवला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. हे आम्हांस न्याय्य वाटते.

तथापि सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली एक उपक्रम आरंभिला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे, आणि साडेआठापर्यंत घरोघरचे फोन व दूरचित्रवाणी बंद राहत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांस समजावीत. तेथे थोरांचे फोनही बंद होत, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

बाबेलच्या राजाच्या पंक्तीचे मिष्टान्न नाकारणारा दानीएल आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पण ते चौघे मित्र होते, ह्याचा आपणांस विसर पडतो.

म्हणून आमची सूचना अशी की, पाचवीच्या पालकांनी जूनमधील सभेत मिळून ठरवावे: शालान्त परीक्षेपर्यंत मुलास स्वतःचा स्मार्टफोन देणार नाही, निरोपापुरता बटणांचा साधा फोन पुरे. गृहपाठ फळ्यावर व वहीतच दिला जावा. फोन मागण्यास शाळेचे निमित्त नको. सर्वच पालक तयार होतील असे नाही. दहा घरे निघाली तरी त्या दहा मुलांस मधल्या सुट्टीत खेळगडी मिळतील. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांजवळ द्यावी.