९एक्स झकास

९एक्स झकास ही ९एक्स मीडिया समूहाची, मराठी गाण्यांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी असून तिचे प्रक्षेपण २०११ मध्ये सुरू झाले.

उदय

‘नटरंग’ (२०१०) च्या यशानंतर गाणी हे मराठी चित्रपटाच्या प्रसिद्धीचे प्रमुख साधन ठरले. निर्मात्यांना प्रसिद्धी आणि वाहिनीला दिवसभराचे कार्यक्रम, असा परस्परांचा लाभ होता. पुढे संगीत मराठी आणि झी वाजवा (२०२०) या वाहिन्याही आल्या.

ओहोटीची कारणे

गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. वाहिनीच्या हाती उरते ती केवळ निवड आणि क्रम. ‘सैराट’च्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. तीच गाणी यूट्यूबवर हवी तेव्हा मिळू लागल्याने निवडीचा अधिकार प्रेक्षकाकडे गेला. २०१७ मध्ये झी समूहाने ९एक्स मीडिया १६० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. मात्र तो व्यवहार पूर्णत्वास गेला नाही.

परिणाम

नवोदित गायकाला आता वाहिनीच्या होकाराची गरज उरलेली नाही. तथापि, प्रेक्षकाने न शोधलेले मराठी गाणे घराघरांत एकाच वेळी पोहोचवणारे माध्यम दुबळे झाले. ती निवड आता संगणकीय शिफारशींकडे गेली असून त्यांना मराठीचे वेगळे बंधन नाही.