वेतन कोणत्या नाण्यात घ्यावे?

या महिन्यात साहित्याचा विषय जरा बाजूला ठेवून पैशाविषयी लिहावे लागत आहे. शाळामास्तराने पैशाविषयी लिहावे यात वाचकांना थोडा विनोद वाटेल. पण प्रश्न आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचा आहे, आणि तो एकट्याचा नाही.

मुलगा डिचोली तालुक्यातला. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातील खाणी दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा त्याच्या वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला, आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. मुलगा संगणक शिकला. आज तो घरी बसून एका परदेशी कंपनीचे काम करतो. काम चोख, मोबदलाही बरा. आता कंपनी म्हणते, बँकेमार्फत पैसे पाठविण्यात वेळ जातो, खर्चही होतो. यापुढे तुझे वेतन क्रिप्टोत देऊ. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही अशी घरबसल्या परदेशी नोकरी करणारी मुले आता पुष्कळ आहेत. तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही दारावर टकटक करील, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रिप्टो, अर्थात कूटचलन, हे कोणत्याही सरकारने पाडलेले नाणे नव्हे. कोणाकडे किती आहे याची एक वही असंख्य संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, आणि त्या वहीतील नोंद हेच धन. बिटकॉइन हे त्यांतले सर्वांत जुने. २००९ पासून ते चालू आहे. कल्पना बुद्धिमान आहे, यात शंका नाही. तिच्यामागे केवळ लबाडीच आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्याच्याजवळ शिलकी पैसा आहे व तो बुडाला तरी ज्याच्या घरची चूल विझणार नाही, त्याने त्यात हात घालावा की न घालावा हा त्याचा प्रश्न. आपला प्रश्न वेतनाचा आहे.

वेतन पैशातच का द्यावे, याचे उत्तर शोधताना प्रथम आमच्याकडील जुनी रीत आठवते. गोव्याच्या शेतांत कापणीची मजुरी भातात मोजून मिळे. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्यालाही मजुरीदाखल नारळ मिळत. ही पैशाविना दिलेली मजुरीच होती. मग क्रिप्टोने काय बिघडले, असे कोणी विचारील. फरक असा की भाताचा बाजारभाव पडला तरी ते भात शिजते. नारळ स्वस्त झाला म्हणून आमटीत कमी पडत नाही. कूटचलनाचा भाव पडला, तर उरलेल्या नोंदीचे घरात काहीच करता येत नाही.

वस्तूपेक्षाही वाईट प्रकार म्हणजे मालकाने स्वतःचेच नाणे पाडून मजुरांच्या हाती देणे. आसामातील चहाच्या मळ्यांत धातूचे बिल्ले मजुरी म्हणून दिले जात, आणि मळ्याबाहेर त्यांना कोण विचारणार? इंग्लंडात कारखानदार वेतनाऐवजी आपल्याच दुकानातील माल गळ्यात मारीत. त्यास आळा घालण्यासाठी १८३१ साली तेथील पार्लमेंटला कायदा करावा लागला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने चलनी नाणे वा नोटा यांतच वेतन द्यावे असे ठरविले. २०१९ ची वेतनसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिनेही चलनी नाणी, नोटा, धनादेश, बँकखात्यातील जमा अथवा इलेक्ट्रॉनिक मार्ग एवढेच सांगितले आहे. 'इलेक्ट्रॉनिक' या शब्दात क्रिप्टो बसते असा युक्तिवाद कोणी करील, पण तो शब्द पैसे पोचविण्याच्या मार्गाविषयी आहे. पैसा कोणता, याविषयी नव्हे.

मात्र आमच्या विद्यार्थ्यासारख्यांची अडचण निराळीच आहे. परदेशी कंपनीच्या कागदावर तो नोकर नसतो, कंत्राटी कारागीर असतो. त्यामुळे नोकरांसाठी असलेले हे छत्र त्याच्या डोक्यावर धरता येईलच असे नाही. स्वतःचे राखण त्याने स्वतःच करायचे.

नाणे बदलण्याची भीती गोमंतकीयांना नवी नाही. पोर्तुगीज अमलात आमच्याकडे 'रुपिया' चाले. १९५८-५९ च्या सुमारास तिच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियास सहा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला व १९६२ मध्ये एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला, पुन्हा एका रुपयास सहा याच दराने. चार वर्षांत खिशातल्या पैशाचे नाव दोनदा बदलले. पण दर आधी जाहीर होता, तो रात्रीतून हलत नव्हता, आणि बदलून देणारे कोण हे पेडण्याच्या बाजारातील भाजीवालीलाही ठाऊक होते.

त्याच्याशेजारी बिटकॉइनचा भाव ठेवून पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता, आणि बरोबर वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, १६ हजारांच्या खाली होता. पुढे तो पुन्हा चढला, हे खरे. पण ट्रकचा हप्ता भाव चढेपर्यंत थांबत नाही. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकली.

आता कराचा हिशेब. तो गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर मांडावा असा आहे. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी संपत्तीच्या विक्रीतील नफ्यावर शेकडा ३० कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडील व्यवहारांवर शेकडा एक आगाऊ कापला जातो. समजा, ३० हजार रुपये किमतीचे नाणे मोबदला म्हणून मिळाले. ज्या दिवशी मिळाले त्या दिवसाची किंमत हे तुमचे उत्पन्न. महिन्याने त्याचे ४० हजार झाले व विकले, तर वरच्या १० हजारांतून ३ हजार कर गेला. उलट त्याचे २० हजार झाले, तरी उत्पन्न ३० हजारच धरले जाणार; आणि हा १० हजारांचा तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढील वर्षावरही ढकलता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे! आमच्या गावचा सावकार देखील इतका एकतर्फी करार करताना थोडा लाजला असता.

'मी बिटकॉइन घेतच नाही, डॉलरला बांधलेले नाणे घेतो', असे हुशार मुले सांगतात. एक नाणे म्हणजे एक डॉलर, असे आश्वासन ते नाणे काढणारी कंपनी देते. ही गोष्ट बिटकॉइनपेक्षा बरीच बरी, हे मान्य. परंतु आश्वासन शेवटी कंपनीचे. मे २०२२ मध्ये टेरा नावाच्या योजनेतील असेच डॉलरला बांधलेले नाणे काही दिवसांत मातीमोल झाले. शिवाय ते रुपयांत बदलण्यासाठी कोणत्या तरी बाजारपेढीकडे जावेच लागते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय पेढीतून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची चोरी झाली, आणि ज्यांची नाणी चोरीस गेली नव्हती त्यांनाही आपली ठेव वर्षाहून अधिक काळ हलविता आली नाही.

येथे गोव्यातील जुन्या पिढीला हटकून 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनु' आठवेल. मुक्तीपूर्वी कित्येक कुटुंबांनी या बँकेत सोन्याचे दागिने गहाण ठेवले होते. ते लिस्बनला हलविण्यात आले, आणि परत यायला १९९१ साल उजाडले. गहाण ठेवणाऱ्यांपैकी किती हात तोवर या जगात उरले असतील? पण ते दागिने आले, हेही लक्षात घ्यावे. पावत्या होत्या, वह्या होत्या, दोन सरकारे होती, आणि तीस वर्षांनी का होईना, एकमेकांशी बोलण्यास ती बांधलेली होती. कूटचलनाची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची एक यादी. ती हरवली किंवा दुसऱ्याच्या हाती पडली, तर तक्रारअर्जावर 'प्रति' म्हणून कोणाचे नाव लिहावे?

म्हणून त्या मुलास मी सांगितले, वेतन क्रिप्टोत घेऊ नकोस. त्याला माझे सगळे पटले असे नाही. कंपनी दुसरा मार्गच ठेवत नसेल तर काम सोडू काय, असे त्याने विचारले, आणि घरच्या परिस्थितीत तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. मग आम्ही बसून कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला. मोबदल्याचा आकडा डॉलरांत लिहिलेला असावा, नाण्यांच्या संख्येत नव्हे. रक्कम बँकेत यावी. बँकेमार्फत परकीय चलन आले की त्याचा दाखला मिळतो, आणि उद्या घरबांधणीचे किंवा धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे कर्ज काढताना तोच उत्पन्नाचा पुरावा ठरतो. बँकेचा खर्च ही खरोखर अडचण असेल, तर दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवावेत, तो खर्च निम्मा आपण सोसू. पत्र इंग्रजीत होते. त्यातील दोन ठिकाणी अव्यये चुकली होती, ती मी दुरुस्त करून दिली. उत्तर अद्याप आलेले नाही.