पदर भट्टीत, गोडवे व्यासपीठावर!

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे स्थान. त्याच्या उत्तरेस पैठण, आग्नेयेस तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजच्या तेरहून मलमल आणि नाना प्रकारचे कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. दोन सहस्रकांच्या वस्त्रपरंपरेचा वारसा सांगणाऱ्या या प्रदेशात आजीची पैठणी कोठे आहे, असे विचारले, तर अनेक घरांतून मिळणारे उत्तर लज्जास्पद आहे. ती जरीच्या भावाने विकली गेली!

जुन्या पैठणीची जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. व्यापारी वस्त्र जाळतो, राखेतून चांदी काढतो. मूठभर चांदी हाती लागते. पण दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा पदर, त्यावरील मुनिया, आसावली, कमळ आणि विणकराचे कित्येक महिन्यांचे श्रम यांची राख होते. मूर्तिभंजकांच्या नावाने बोटे मोडणारे आपण या भंजनाला काय म्हणणार?

दुष्काळात पोटासाठी ज्यांनी पदर विकला, त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न आहे तो सुखवस्तू घरांचा. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सोहळे झाले. 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तूंना परदेशी जाण्यापासून अडवतो. परंतु घरातून भट्टीकडे जाणाऱ्या वस्त्राला अडवणार कोण? ते काम कायद्याचे नव्हे, समाजाचे आहे.

वस्त्र हे केवळ कापड नव्हे. आजीच्या लुगड्याची कुंची नातवाच्या डोक्यावर चढते, तेव्हा तीन पिढ्या एका धाग्यात ओवल्या जातात. हा अर्थ तराजूत तोलता येत नाही.

रक्षणाला संपत्ती लागत नाही. वस्त्र धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे, ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवावे. जर घडीवर तुटते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी. डांबरगोळी वस्त्राला टेकू देऊ नये. आणि मुख्य म्हणजे ते कोणाचे, कोणत्या लग्नातले, कोणी नेसलेले, हे लिहून ठेवावे. देवस्थानांनीही देवाला अर्पण झालेल्या जुन्या वस्त्रांची अशीच नोंदवही ठेवावी.

संस्कृतिरक्षणाची भाषणे पुष्कळ झाली. येत्या सणाला घरातील जुनी पेटी उघडा. आपल्या अभिमानाची खरी परीक्षा तेथे आहे.