कुलाब्याची वही हेही इतिहासाचे साधन

१/ कंधारचा किल्ला आणि १७६० ची उदगीरची लढाई नांदेड-लातूरच्या इतिहासप्रेमी तरुणांना तोंडपाठ असते. २ सप्टेंबर १८५९ ही तारीख मात्र त्यांच्या टिपणांत क्वचितच आढळते.

२/ त्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूचुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. निरीक्षक डोळ्यांनी वाचून आकडे वहीत उतरवीत होते. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील स्फोट पाहिला होता.

३/ अशा वादळात ध्रुवीय प्रकाश उजळतो. तेथील विद्युतप्रवाहांनी शंभर किलोमीटरांवरील विरळ हवा तापते, फुगते आणि वर उसळते. एरवी सेकंदाला काही मीटर असणारा उभा वारा कधी शंभर मीटरांपलीकडे जातो. फुगलेली हवा उपग्रहांना अडवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नवे ३८ उपग्रह असेच गमावले गेले.

४/ १८५९ मध्ये हा वारा मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. उरले ते चुंबकसूचीचे आकडे. २००३ मध्ये कुलाब्याच्या नोंदींवरूनच त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली गेली. संशोधकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि एस. अलेक्स होते.

५/ आकड्यांत माणूस कुठे, असा आक्षेप येईल. शिलालेख कोरणाऱ्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. तरी शिलालेख साधन ठरतोच. मग वहीलाच परके का मानावे? मराठवाड्यातील पर्जन्यमानाच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत जाण्याआधी वाचणे, हेही इतिहासकाराचेच काम आहे.